फिजीचा फुटबॉल आणि साखर कारखान्यांचा नकाशा

रविवारचा_रेफ्री (धागाकर्ता)

१३ मार्च २०२१. फातोर्ड्याचं रिकामं स्टेडियम, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल, नव्वदावं मिनिट. मोहन बागानचा अरिंदम गोल सोडून पुढे आला, ओग्बेचेनं त्याच्याकडून चेंडू काढून घेतला आणि बिपिन सिंगनं तो जाळ्यात सारला. मुंबई सिटी २, बागान १. मी इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या आजींनी फोन करून विचारलं, सगळं बरं आहे ना.

आनंद ओसरल्यावर बायकोनं एक साधा प्रश्न विचारला, "तो समोरच्या टीममधला कृष्णा बंगाली आहे का रे?" म्हटलं, रॉय कृष्णा? नाही गं, फिजीचा. "मग नाव कसं कृष्णा?" उत्तर शोधायला बसलो आणि चार वर्षं झाली, अजून उठलेलो नाही. म्हणून हा धागा.

गिरमिट म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट'चा अपभ्रंश, हे बहुतेकांना माहीत असेल. भारतातल्या मजुरांनी पाच वर्षांचा करार करून फिजीत उसाच्या मळ्यात राबायचं. पहिलं जहाज 'लिओनिडास' १४ मे १८७९ ला फिजीला पोचलं. १९१६ मध्ये भरती थांबली तोवर साठ हजारांहून जास्त माणसं तिकडे गेली होती. बहुतेक जण कॉलोनियल शुगर रिफायनिंग या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या उसात राबले. करार संपल्यावर बरेच तिथेच राहिले, तुकडा खंडानं घेऊन ऊस लावू लागले.

आता नकाशा उघडा. कंपनीचे कारखाने कुठे होते? नौसोरी (रेवा नदीकाठी), रारावाई (म्हणजे बा गावाला लागून), लंबासा, लाउतोका. आणि फिजी फुटबॉलमधले जुने, दांडगे संघ कोणते? रेवा, बा, लंबासा, लाउतोका. सुवा राजधानी म्हणून आणि नांदी विमानतळाचं गाव म्हणून यादीत येतात, नाहीतर फुटबॉलचा नकाशा आणि गाळपाचा नकाशा एकावर एक ठेवले तर टाचणी लावता येईल. मैदानांची नावं पाहा: बामध्ये गोविंद पार्क, लंबासात सुब्राईल पार्क.

१९३८ मध्ये या लोकांनी संघटना काढली, तिचं नावच 'फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन'. त्याच वर्षी सुवाला जिल्ह्या-जिल्ह्यांची स्पर्धा भरवली, रेवा जिंकला. तीच आजची आयडीसी, इंटर-डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिप. राष्ट्रीय संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५१ मध्ये सुवात न्यूझीलंडविरुद्ध. हरले, पण ४-६. दहा गोलांचा सामना! नावातला 'इंडियन' शब्द १९६१ मध्ये गेला आणि दार सगळ्यांना उघडलं. थोड्याच वर्षांत फिफाचं सदस्यत्वही मिळालं.

माझं म्हणणं एवढंच आहे: फिजीचा राष्ट्रीय संघ आपण जागतिक क्रमवारीच्या चष्म्यातून पाहतो आणि 'लिंबूटिंबू' म्हणून सोडून देतो. तिथला माणूस आधी बाचा किंवा लंबासाचा असतो, मग फिजीचा. आधी आयडीसी समजून घ्या, मग विश्वचषकाचे निकाल वाचा.

उच्चारांबद्दल: त्यांच्या लिपीत डी लिहितात आणि 'न्द' म्हणतात, बी लिहितात आणि 'म्ब' म्हणतात. म्हणून नांदी, लंबासा. खरं तर 'बा'सुद्धा 'म्बा'च, पण ते मला लिहवत नाही.

---

हापूसचोर

वाचतोय. पण फिजी म्हणजे रग्बी ना? फुटबॉल कोण बघतं तिथे?

---

रविवारचा_रेफ्री

@हापूसचोर, अर्ध्या वस्तीनं रग्बी पाहिलं आणि अर्ध्या वस्तीनं फुटबॉल, असं कित्येक वर्षं चाललं. रग्बी मूळच्या फिजीयन लोकांचं (ते स्वतःला इतौकेई म्हणवतात), फुटबॉल गिरमिटियांच्या नातवंडांचं. पण आज राष्ट्रीय संघाची यादी काढलीत तर बहुसंख्य नावं इतौकेई दिसतील. कार्यालयात मात्र पटेल, सिंग, खान. मैदानावर एक समाज आणि टेबलामागे दुसरा, ही गंमत म्हणा की दुखणं म्हणा.

---

मडगांवकार

त्या वर्षी सगळी लीग गोंयांत झाली, फातोर्डा, बांबोळी, वास्को. आणि आमका कोणाकूच आत सोडूंक ना! घरापासून दहा मिनिटांवर फायनल आणि मी टीव्हीवर पाहतोय, हे दुःख कोणाला सांगू.

रॉय कृष्णाचे त्या मोसमात १४ गोल. आमच्या एफसी गोवाच्या अंगुलोचेही १४. गोल्डन बूट अंगुलोला गेला. तेव्हा कृष्णाला शिव्या घालत होतो, आज सांगतो, डिफेंडरच्या खांद्याआडून तो जसा निसटायचा तसा निसटणारा माणूस आयएसएलमध्ये फार कमी वेळा पाहिला. समोरचा सेंटर बॅक वळेपर्यंत याचं शूट झालेलं असायचं.

---

रंकाळ्याचा_भेळवाला

हे आयडीसी प्रकरण वाचून आम्हा कोल्हापूरकरांना अजिबात नवल वाटलं नाही. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की शाहू स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडी घालायची नाही. भारताची मॅच असली तरी आमच्या तालमीतली पोरं म्हणणार, "बघू, वेळ मिळाला तर." आणि साखर कारखाने आमच्याकडेही आहेतच.

एक शंका. गिरमिटियांत आपली माणसं होती का? मराठी?

---

रविवारचा_रेफ्री

@भेळवाला, फिजीची जहाजं कलकत्त्याहून सुटली आणि १९०३ पासून मद्रासहूनही. मुंबईहून नाही. त्यामुळे अवध-भोजपूरकडचे लोक आणि दक्षिणेतले तमिळ-तेलुगू. आपली माणसं गेली ती मॉरिशसला, तिथे मराठी समाज आजही आहे. फिजीत मराठी खूण शोधू नका, उगाच ओढूनताणून होईल.

---

ऑकलंडकरीण

इतके दिवस नुसती वाचक होते, या धाग्यासाठी पासवर्ड शोधून काढला.

ऑकलंडमध्ये फिजी-भारतीय भरपूर. आमच्या पलीकडच्या घरात एक काका आहेत, मूळचे बाचे. आम्ही नवीन आलो तेव्हा त्यांनी कुंपणावरून विचारलं, "कौन गाँव?" मी म्हटलं सांगली. "ऊख होवे हुआँ?" ऊस होतो म्हटल्यावर स्वारी खूष. आमची पहिली ओळख फुटबॉलवरून नाही, उसावरून.

ऑक्टोबर आला की काकांचं घर बदलतं. ओसरीवर चटई, मधोमध लाकडी तानोआ, त्यात मातकट रंगाचं यंगोना (हे लोक त्याला ग्रॉग म्हणतात), नारळाच्या करवंटीतून प्यायचं. मी एकदा घेतलं, जीभ बधिर झाली आणि चव म्हणाल तर ओल्या मातीत मिरपूड घातल्यासारखी. लॅपटॉपवर आयडीसीचं प्रक्षेपण, आवाज पूर्ण. बाचा संघ काळ्या जर्सीत खेळतो, 'मेन इन ब्लॅक' म्हणतात, म्हणून त्या आठवड्यात काका काळा टीशर्ट सोडून दुसरं काही घालत नाहीत. काकू म्हणतात, धुवायला तरी काढा.

त्यांना मी विचारलं, तुम्ही फिजी का सोडलं? म्हणाले, "सत्तासी." एवढंच. १९८७.

---

रविवारचा_रेफ्री

@ऑकलंडकरीण, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे.

इतरांसाठी: १४ मे १९८७ ला लेफ्टनंट कर्नल राबुका सैनिक घेऊन संसदेत शिरला आणि महिनाभरापूर्वी निवडून आलेलं सरकार उलथवलं. तारीख परत बघा. १४ मे. पहिलं जहाज आलं तीच. त्यानंतर हजारो भारतीय कुटुंबं न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला निघून गेली. म्हणजे फुटबॉलचे प्रेक्षक, शिक्षक, क्लबचे खजिनदार, सगळेच.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी फिजी फुटबॉलचा सर्वांत मोठा दिवस उजाडला. २६ नोव्हेंबर १९८८, नांदी, विश्वचषक पात्रता. समोर ऑस्ट्रेलिया. हा तो ऑस्ट्रेलिया, ज्यानं त्याच जुलैत सिडनीला जगज्जेत्या अर्जेंटिनाला ४-१ नं झोपवलं होतं आणि सोल ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाला हरवलं होतं. फिजी १, ऑस्ट्रेलिया ०. गोल रावुआमा मादिगीचा. आठवड्याभरानं न्यूकॅसलला परतीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियानं ५-१ नं हिशेब चुकता केला आणि फिजी बाहेर. पण नांदीची ती नांदी कोणी पुसू शकत नाही. (क्षमस्व, मोह आवरला नाही.)

---

हापूसचोर

शेवटच्या कोटीसाठी धागा उडवावा अशी संपादकांना विनंती.

---

आकडेमोड्या

लेखात फक्त गोड गोड चाललंय, थोडं कडू मी घालतो.

ऑगस्ट १९८१, विश्वचषक पात्रता. शुक्रवारी १४ तारखेला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाकडून ०-१०. रविवारी १६ तारखेला ऑकलंडमध्ये न्यूझीलंडकडून ०-१३. एकट्या स्टीव्ह समनरचे सहा. दोन दिवसांत तेवीस गोल, मध्ये समुद्र ओलांडून विमानप्रवास. गोलकीपरची पाठ वाकून वाकून गेली असेल चेंडू काढताना.

उलट बाजू: १९७९ च्या साउथ पॅसिफिक गेम्समध्ये याच फिजीनं किरिबातीला २४-० नं हरवलं होतं. म्हणजे पॅसिफिकमध्ये प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे.

आता माझा आवडता आकडा. एप्रिल २००१, कॉफ्स हार्बर. ऑस्ट्रेलियानं अमेरिकन सामोआला ३१-० नं हरवलं, आर्ची थॉम्पसनचे तेरा, हे सगळ्या जगाला पाठ आहे. तीनच दिवसांनी तोच ऑस्ट्रेलिया त्याच गावात फिजीविरुद्ध उतरला. निकाल? २-०. हे कोणाला माहीत नसतं. त्यामुळे 'पॅसिफिक बेटं' असं सरसकट गाठोडं बांधणाऱ्यांना मी हेच दोन स्कोअर शेजारी शेजारी लिहून दाखवतो.

आणि आपण हसायच्या आधी: ऑगस्ट २००५ मध्ये भारत फिजीला दोन सामने खेळायला गेला होता. लाउतोकात ०-१, सुवात १-२. दोन्ही हरलो.

---

मडगांवकार

@आकडेमोड्या, त्या दौऱ्याची आठवण काढायची काय गरज होती पात्रांव? झोपलेलं भूत झोपू द्यायचं.

---

निवांत_वाचक

पण मग २००१ नंतर पुढे काय झालं? दोनच गोल खाणारा संघ वर का आला नाही?

---

रविवारचा_रेफ्री

@निवांत_वाचक, माझ्या मते दोन कारणं. एक, राजकारण मैदानात शिरत राहिलं. मे २००० मध्ये जॉर्ज स्पाइटनं पंतप्रधान महेंद्र चौधरींना संसदेत ओलीस धरलं, छप्पन्न दिवस. त्या वर्षीच्या ओशनिया नेशन्स कपमधून फिजीला माघार घ्यावी लागली. डिसेंबर २००६ मध्ये बैनिमारामांचा उठाव. त्याचा फटका तर थेट गोलकीपरला बसला.

झालं असं: उठावानंतर न्यूझीलंडनं फिजीच्या लष्कराशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी संबंधित लोकांवर प्रवासबंदी घातली. २००७ मध्ये विश्वचषक पात्रतेचा सामना न्यूझीलंडमध्ये होता. फिजीचा गोलकीपर सिमिओने तामानिसाऊ स्वतः सैनिक नव्हता, पण त्याचे होणारे सासरे लष्करात. व्हिसा नाकारला! सोयरीक जुळवताना पत्रिका बघतात हे माहीत होतं, पासपोर्टही बघावा लागतो हे नवीन. प्रकरण फिफापर्यंत गेलं, सामना अडकला, आणि शेवटी न्यूझीलंडच्या घरचा तो सामना नोव्हेंबर २००८ मध्ये लाउतोकाच्या चर्चिल पार्कवर झाला. फिजी २-० नं जिंकलं. दोन्ही गोल लंबासाच्या एका एकवीस वर्षांच्या पोराचे, जो तेव्हा न्यूझीलंडच्याच वायटाकेरे क्लबात खेळत होता. नाव ओळखलंत ना? रॉय कृष्णा. न्यूझीलंड गटात आधीच पहिलं आलेलं, त्यामुळे निकालानं फरक काही पडला नाही. तरी.

दुसरं कारण कंटाळवाणं आहे म्हणून दोन ओळीत: पैसा नाही, आणि सामने नाहीत. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये आशियात गेला, मग न्यूझीलंड सोडून दर्जेदार विरोधक कोण उरला?

---

आकडेमोड्या

वायटाकेरेवरून आठवलं. २००७ ची ओशनिया चॅम्पियन्स लीग फायनल: बा विरुद्ध वायटाकेरे. घरच्या मैदानावर बा २-१ जिंकला, परतीत ०-१ हरला. एकूण २-२, आणि परक्या मैदानावरच्या गोलामुळे कप गेला. ऑकलंडकरीणबाईंनी काकांसमोर हा विषय काढू नये.

---

ऑकलंडकरीण

काढला होता एकदा, अजाणतेपणी. ते उठून बागेत पाणी घालायला गेले. पाऊस पडत होता.

---

लाल_माती

रिओबद्दल कोणीच कसं बोललं नाही? मला तर फिजीचा फुटबॉल तिथेच पहिल्यांदा दिसला.

---

रविवारचा_रेफ्री

येतच होतो तिकडे.

२०१५ हे त्यांचं सोन्याचं वर्ष. आधी जूनमध्ये न्यूझीलंडला झालेला २० वर्षांखालील विश्वचषक, प्रशिक्षक फ्रँक फरिना. जर्मनीकडून १-८ खाल्ले आणि तीनच दिवसांनी होंडुरासला ३-० नं हरवलं. मग पॅसिफिक गेम्स, ज्यातून ऑलिंपिकची जागा ठरणार होती. सेमीफायनलमध्ये वानुआतूला हरवणाऱ्या न्यूझीलंडनं अपात्र खेळाडू उतरवल्याचं निघालं, ते बाद. फायनलला फिजी-वानुआतू, ०-०, पेनल्टीवर ४-३. नशीब होतं का? होतं. पण पेनल्टी माराव्या लागतातच.

ऑलिंपिकचा फुटबॉल २३ वर्षांखालच्यांचा, पण मोठ्या वयाचे तीन खेळाडू नेता येतात. नेले कोण? रॉय कृष्णा, अल्विन सिंग आणि ज्याला सासऱ्यांमुळे व्हिसा मिळाला नव्हता तो तामानिसाऊ. पहिला सामना कोरियाकडून ०-८. दुसरा मेक्सिको, म्हणजे २०१२ चा सुवर्णविजेता. दहाव्या मिनिटाला कृष्णाचं हेडर आणि फिजी पुढे, १-०! हाफटाइमपर्यंत ती आघाडी टिकवलीही. नंतर पाच गोल बसले, एकट्या गुतिएरेझचे चार. मी तो पहिला अर्धा तास अजूनही अधूनमधून लावून बघतो. तिसरा सामना १० ऑगस्टला, जर्मनीकडून ०-१०.

आणि ११ ऑगस्टला फिजीच्या रग्बी सेव्हन्स संघानं ग्रेट ब्रिटनला ४३-७ नं चिरडून देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळवलं, तेही सुवर्ण. सरकारनं नंतर त्यांच्या सन्मानार्थ सात डॉलरची नोट काढली. हो, सातची. फुटबॉलवाल्यांच्या दहा गोलांची बातमी एका रात्रीत कुठल्या कुठे गेली. त्यांना एका परीनं बरंच वाटलं असेल.

---

दर्यासारंग

अवांतर: फिजीला 'छोटं' म्हणताय तर तुवालूला काय म्हणाल? सगळा देश मिळून अकरा हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे आपलं एखादं तालुक्याचं गाव. फिफाचे सदस्यसुद्धा नाहीत. तरी २००७ मध्ये साउथ पॅसिफिक गेम्सच विश्वचषक पात्रतेची पहिली फेरी धरली गेल्यामुळे ते त्यात खेळले आणि ताहितीला १-१ असं रोखलं. फिफात नसताना विश्वचषक पात्रता खेळलेला पहिला देश.

आणि वानुआतूला कमी लेखू नका. जून २०२३ मध्ये भुवनेश्वरला भारताविरुद्ध ८१ व्या मिनिटापर्यंत ०-० धरून बसले होते. छेत्रीच्या डाव्या पायानं वाचवलं.

---

हापूसचोर

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल माफी. आता सांगा, सध्या काय चाललंय?

---

रविवारचा_रेफ्री

२०२६ च्या विश्वचषकापासून ओशनियाला एक थेट जागा मिळाली. फिजी सेमीफायनलपर्यंत गेलं आणि मार्च २०२५ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडकडून ०-७. ख्रिस वुडची हॅटट्रिक. यावर मला जास्त लिहावंसं वाटत नाही.

महिला संघ मात्र बघा. 'कुला' म्हणतात त्यांना. २०२२ मध्ये सुवात झालेल्या ओशनिया स्पर्धेत फायनलला पोचल्या, पापुआ न्यू गिनीकडून १-२ असा निसटता पराभव.

@ऑकलंडकरीण, एक विनंती. काकांना ८८ च्या सामन्याबद्दल विचाराल? नांदी आणि बा काही फार लांब नाहीत.

---

ऑकलंडकरीण

विचारलं. आधी खूप वेळ हसले.

मैदानावर गेले नव्हते. नोव्हेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम, ट्रक यायचा होता आणि ऊस तोडून ठेवणं भाग. आंब्याच्या फांदीला ट्रान्झिस्टर टांगून ऐकत होते. गोल झाला आणि जरा वेळातच सेल संपले. मग पलीकडच्या शेतावरच्या माणसाकडे रेडिओ होता, तो दर पाच मिनिटांनी ओरडून सांगायचा, "अभी भी एक-जीरो!" आणि हे ओरडून पुढच्या शेताला सांगायचे. त्यांचं म्हणणं, ती हाळी अशी फिरत फिरत पार नदीपर्यंत गेली.

त्या दिवशी ट्रक आला तेव्हा अर्धा ऊस उभाच होता.